दुप्पट शिसं

"तिला काढणार की नाही, बाई? तेवढं सांगा."

निनादने स्फटिक टेबलावर आपटायचाच बाकी ठेवला होता. कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक, पाण्यासारखा नितळ. एका मोठ्या लेझरच्या भिंगासाठी त्याने तो भट्टीत वाढवला होता. आज चाचणीत लेझरचा झोत पडला आणि स्फटिकाच्या पोटात काळा डाग उमटला. डागाभोवती तडे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख रेगेबाईंनी तो उजेडात धरला. स्फटिक वाढवायला निनाद त्यांच्याकडेच शिकला होता. पण आज त्याला गुरूकडून शिकवणूक नको होती, न्याय हवा होता.

"भट्टीत कच्ची पूड भरली ती त्या मदतनीस मृदुलाने. तिच्या हाताची ओल पुडीत गेली असणार. भट्टीच्या खोलीत कुणी यायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलंय, तरी ही आलीच. सहा महिन्यांची मेहनत मातीत गेली. उद्यापासून ती इथे दिसता कामा नये."





"ओलीसाठी शिसं घातलं होतंस?" बाईंनी विचारलं.

"घातलं की. तुम्ही सांगता त्याच्या दुप्पट."

"शिसं काय करतं?"

नवख्या पोराला विचारावं तसं विचारलं, म्हणून त्याचे कान तापले. "ओलीतून आलेला ऑक्सिजन पकडतं."

"मग?"

"मग त्याला घेऊन वाफ होऊन निघून जातं."

"सगळं?"



बाईंनी स्फटिक यंत्रात ठेवून त्यातून अतिनील किरण सोडले. शुद्ध स्फटिकातून ते आरपार गेले असते. पडद्यावरची रेघ एका जागी खाली कोसळली. त्या जागेचे किरण शिसं शोषतं, हे निनादला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुप्पट घातल्यामुळे आत उरलेलं शिसं लेझरने तापलं होतं. मृदुलाचा काही संबंध नव्हता.



तरी त्याचा राग उतरेना. उलट आता तो बाईंवरच वळला. "म्हणजे चूक माझीच? घरदार सोडून या भट्टीपाशी उभा आहे तो मी. इथली एकेक घाण वेचून बाहेर काढली ती मी. अजून काय करायचं राहिलंय माझं?"

बाईंनी उठून खोलीचं दार उघडलं आणि ते हाताने धरून ठेवलं.

"घाण पकडून झाल्यावर शिशानेही आत राहायचं नसतं. आता तू बाहेर ये."