‘ब्रेव्ह’चं वाक्य

वडपाड्याच्या शाळेत खर्डेसाहेब तपासणीला आले. त्यांनी सातवीला ‘डिलिजंट’ हा शब्द देऊन इंग्रजी वाक्य करायला सांगितलं. सव्वीस वह्यांतून एकच वाक्य निघालं: ‘द अँट इज डिलिजंट.’

साहेब आधी चक्रावले, मग कडाडले, “स्वतःचं वाक्य एकालाही सुचू नये? कवठेकर बाई, ही उघड कॉपी आहे! शेरेबुक आणा.”

कॉपी कुणीच केली नव्हती. मुंगीचं वाक्य गाइडमधलं, सगळ्यांना तोंडपाठ. मग आपलं चुकलं काय, हेच वर्गाला कळेना. बाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात यमुना गावित उभी राहिली. “साहेब, स्वतःचं वाक्य कसं असतं? ‘ब्रेव्ह’चं एक करून दाखवा ना.”

“हात्तिच्या! सोपं आहे.” साहेबांनी घसा खाकरला. “सोल्जर्स आर ब्रेव्ह...”

“...दे गार्ड अवर कंट्री!” अख्ख्या वर्गाने एका सुरात वाक्य पुरं केलं.

साहेब गोंधळून बाईंकडे बघू लागले. साहेबांच्या ओठांवर अगदी हेच शब्द होते.

“गाइडचं पान चौदा,” यमुना नम्रपणे म्हणाली. “पण साहेब, तुम्ही कुणाच्या वहीत बघितलंत?”