पाच नावांची चिठ्ठी

“उद्या दुपारपर्यंत पाच नावं दे, धुरपे! वर्षभर एकदाही न हरणारी पाच! नाहीतर गावाचं गायरान गेलंच म्हणून समज!”

मानाजीराजांनी हुकूम सोडला आणि धुरपा गवळणीच्या हातातली चरवी निसटता निसटता राहिली. त्या गायरानावर तिच्या अकरा म्हशी चरत होत्या. गायरान गेलं तर म्हशींनी काय राजवाड्याच्या भिंती चाटायच्या?

भानगड अशी होती. खुशालशेठ मक्तेदारानं तीन वर्षांपूर्वी संस्थानात एक खेळ आणला होता. जत्रेच्या कुस्त्यांतले पाच पैलवान आपल्या मनानं निवडायचे, नावं चिठ्ठीवर लिहायची, शेठकडे पैसे भरायचे. पैलवान लढणार त्यांच्या त्यांच्या कुस्त्या, आणि घाम फुटणार चिठ्ठीवाल्यांना! ज्याचे पाच सर्वांत सरस ठरतील त्याला बक्षीस. अर्थात शेठचा चौथा हिस्सा आधी बाजूला काढून.

“हा जुगार नव्हे बरं का, सरकार! हा अभ्यास आहे!” शेठ हात जोडून सांगायचे. “जो चिकाटीनं खेळतो तो शेवटी जिंकतोच!”

राजेसाहेबांची चिकाटी काय वर्णावी! तीन वर्षं दर जत्रेला चिठ्ठी. जिंकले एकदा, पण त्या एका विजयाची कथा दरबाराला इतक्यांदा ऐकवली, की शिपाईसुद्धा झोपेत बरळायचे. हरल्याची कथा मात्र कधी निघाली नाही. त्यात किती रात्री गेल्या असत्या!

आता शेठनं वर्षभराचा डाव टाकला होता. “जत्रेच्या मैदानात पाय ठेवणारी कुठलीही पाच माणसं निवडा, सरकार! बारा जत्रांत एकही हरला नाही, तर तीन वर्षांत भरलेली पै न् पै परत. एक जरी हरला, तर गायरान माझं. तेही तिथल्या तिथं, मैदानातच!” बरोबरीत सुटलेल्या कुस्तीचं इनाम दोघांत निम्मं वाटायची रीत होती. त्यावरून वाद नको म्हणून शेठनंच अट लिहून घेतली: जो मैदानातून रिकाम्या हातानं परतला, तो हरला.

राजेसाहेबांनी ऐटीत शिक्का मारला, आणि मग त्यांना धुरपा आठवली. तालमीला दूध तीच घालायची. कोणत्या पैलवानाचं पोट बिघडलंय, कोण बायकोशी भांडून आलाय, सगळं तिला ठाऊक.

“सरकार, पैलवान बी माणूसच की! वर्षभर न हरणारा कुटनं आणू?”

“ते मला सांगू नकोस! अभ्यास कर!”

त्याच दिवशी बिरोबाची जत्रा होती. धुरपा मैदानाच्या कडेला जाऊन बसली. रोज तीन शेर दूध रिचवणारा बापू पैलवान रंगा पैलवानापुढं पहिल्याच झटक्यात आडवा झाला. धुरपाला रडूच आलं. इतकं दूध मातीत गेलं! तिनं पदरानं डोळे पुसले आणि कुस्त्या बघायचं सोडून माणसं बघायला लागली. कोण काय घेऊन घरी जातंय, ते नीट बघितलं. अन् उठली ती हसतच.

दुसऱ्या दिवशी दरबारात तिनं चिठ्ठी ठेवली. कारभाऱ्यांनी मोठ्यानं वाचली.

“संपत हलगीवाला. गोदू नारळवाली. हसन तेलवाला. दगडू फेटेवाला. आणि पाचवं नाव…” कारभारी खाकरले. “खुशालशेठ मक्तेदार!”

दरबारात खसखस पिकली. राजे लालबुंद झाले. “ह्यातला पैलवान कोण गं?”

“कुणीच न्हाई, सरकार. म्हणून तर हरत न्हाईत! बापू जिंको का रंगा जिंको, संपतची सुपारी ठरलेली, गोदूचे नारळ फुटणारच. अन् शेठ तर काय! तीन वर्सांत एका जत्रेतनं रिकाम्या हातानं गेल्यालं कुणी बघितलंय का?”

कुणीच बघितलं नव्हतं.

“ही लबाडी आहे!” शेठ उसळले.

“कसली लबाडी? मैदानात पाय ठेवणारी कुठलीबी पाच माणसं, हे तुमीच बोललासा. मैदानात पाय ठेवता न्हवं? का उडत जाता?”

शेठच्या मिशीखाली हसू फुटलं. “ठीक आहे, बाई! पुढच्या जत्रेत मी एक पैसा घेणार नाही. रिकाम्या हातानं निघेन! म्हणजे मी हरलो, तुझी चिठ्ठी हरली, आणि गायरान माझं!”

राजेसाहेबांनी कपाळाला हात लावला. कारभाऱ्यांनी मान खाली घातली. धुरपानं पदर खोचला.

“जावा की रिकाम्या हातानं, शेठ! पर गायरान तुमास्नी मैदानातच मिळणार, असं तुमीच लिवून घेतलंय. आख्खं गायरान हातात पडल्यावर हात रिकामं कुटं ऱ्हायलं? म्हंजी तुमी जिंकला. तुमी जिंकला की चिठ्ठी जिंकली. अन् चिठ्ठी जिंकली की गायरान आमचं, अन् सरकारांचं पैकं परत!”

शेठनी बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. तिसऱ्यांदा करताना त्यांना घाम फुटला.

आणि राजेसाहेब हसले! असे हसले की फेटा सुटून मांडीवर आला. “शेठ, तीन वर्षं मी पैलवानांचा अभ्यास करत बसलो!”

“अन् शेठ तुमचा, सरकार,” धुरपा म्हणाली.

शेठनी तिथंच हात जोडले, डाव मोडला आणि पै न् पै परत करायचं कबूल केलं. राजेसाहेबांनी आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून धुरपापुढं धरलं. “घे! आणि गायरान कायमचं तुम्हा गवळ्यांचं! आता एवढंच सांग, पुढच्या जत्रेला बापू मारेल की रंगा?”

धुरपानं कडं कनवटीला खोचलं आणि दोन्ही हात पुढं केले.

“ते मागनं बघू, सरकार! आदी गायरानाचा कागद!”