मधला 'श'

एका देसायाच्या गावात तान्हाई नावाची कोष्टीण होती. एकदा मागाचं लाकूड तिच्या हातून निसटलं आणि खाली झोपलेलं मांजर मेलं. गावचे धर्माधिकारी अनंतशास्त्री लगेच दारात हजर! "मार्जारहत्या! सोन्याचं मांजर माझ्या हाती दान कर, तरच प्रायश्चित्त मिळेल. तोवर हिला कुणी सूत द्यायचं नाही."

सुताशिवाय कोष्टीण खाणार काय? ती देसायांपुढे गेली; शास्त्रीबुवाही तिथेच बसले होते. तिच्या जागी मी असते, तर माझं तोंडच उघडलं नसतं. ती मात्र म्हणाली, "बुवा, घरदार विकून दान देईन, पण घेतेय काय ते तरी कळू द्या. प्रायश्चित्त म्हणजे काय हो?"

शास्त्रीबुवा खुलले. "प्राय म्हणजे तप, चित्त म्हणजे निश्चय."

"तप कुणी करायचं?"

"पाप्यानं."

"आणि निश्चय?"

"तोही पाप्याचाच, बाई. दुसऱ्याचा कसा चालेल?"

"मग मधे तो 'श' ऐकू येतो, तो कशाचा?"

"त्याला काही अर्थ नाही. दोन शब्द जवळ आले, की संधीमुळे तो मधे येतो."

तान्हाईनं देसायांना हात जोडले. "सरकार, तप माझं, निश्चयही माझा. संधी साधून मधे आले, ते तेवढे हे बुवा!"

देसाई पोट धरून हसले आणि तिचं सूत त्यांनी त्याच दिवशी सुरू करवलं.

तान्हाई मात्र हसली नाही. मांजर गेलं होतं तिच्याच हातून. पुढे महिनाभर ती दिवसातून एक वेळच जेवली, आणि तसं करायला तिला कुणीही सांगितलं नव्हतं.