चाफ्याची साल

“वाळलंय म्हटलं ना. पान नाही, फूल नाही. कापायचंच,” करवत तिसऱ्यांदा म्हणाली.

“हात तर लावून बघ, एकेक दात मोडून ठेवीन,” खुरपी म्हणाली.

अवजारं तोंड उघडून भांडायची, त्या काळातली ही गोष्ट. गुढीपाडवा दोन दिवसांवर आला होता. गावकरी शाळेचं कुंपण दुरुस्त करून भाकरी खायला बसले होते, आणि इकडे चाफ्यापाशी अवजारांची जुंपली होती. करवत कालच बाजारातून आलेली, तिला धारेचा भारी तोरा. माणसं जेवून उठली की आधी चाफा पाडायचा, असं तिनं फावड्याकडूनही वदवून घेतलं होतं.

खुरपी झिजून निम्मी झाली होती. चाफ्याचं आळं दरसाल तीच करायची. तोंडानं ती भांडत होती, पण मनातून तिलाही खात्री नव्हती. एरवी या दिवसांत उघड्या फांद्यांवरही चार फुलं असायची, यंदा एक नव्हतं. शेवटी मन घट्ट करून तिनं टोकानं साल जराशी खरवडली. पांढरा चीक टपकन तिच्या पात्यावर पडला, आणि तिच्या जिवात जीव आला. फावडंसुद्धा सुटल्यासारखं हसलं.

करवत तरी पुटपुटलीच, “जिवंत आहे, तर असा उघडा का?”

खुरपीनं चीक पुसलाही नाही. म्हणाली, “अगं शहाणे, पाडव्याच्या अंघोळीला कपडे उतरवलेल्याला कुणी मेला म्हणून तिरडीवर बांधतं का?”