चालती वाळू आणि काळी शिळा

एका राज्यात वाळू चालायची. नदी तिला डोंगरातून आणून मुखाशी सोडी, आणि तिरक्या लाटा तिला ढकलत दक्षिणेला नेत. दिवेलागणीला किनाऱ्यावर सरसर पावलं वाजत. पायांचे धनी दिसत नसत. कुणाला नवल नव्हतं.

राजा मेघसेनाला हाव सुटली. महालापुढची वाळू हलूच नये म्हणून त्यानं मांत्रिकाकडून समुद्रात काळी शिळा रोवून घेतली. पावलं थांबली. महालापुढं मैदान झालं, आणि शिळेपलीकडच्या कोळीवाड्याला समुद्र खाऊ लागला. आधी मासळी वाळवायचे ओटे गेले, मग माड.

सगुणा कोळिणीचं रांगतं लेकरू केवड्याखाली पुरलेलं. लाट सात पावलांवर आली, तशी तिनं पुढ्यात दगड रचले. मग जाऊन काळ्या शिळेला हात घातला. शिळा हलली नाही.

शिळेवरची टिटवी म्हणाली, "वाळू अडवणाऱ्या हाताला ही उठत नाही."

"म्हणजे राजाचा हात. त्यानं सोडल्याशिवाय ही उठायची नाही," सगुणा म्हणाली आणि राजापुढं उभी राहिली. "महाराज, शिळा सोडा."

"महाल वाळूवर आहे, बाई. सोडली तर तो जाईल."

"आणि आमचं गेलं ते?"

सगुणेनं परतताना पुन्हा हात घातला. शिळा तशीच.

वाटेत शेजारीण अनशी मोडक्या चुलीपाशी बसलेली. "कुणाला शिव्या घालतेस गं? तू दगड रचलेस आणि तुझ्याकडची लाट माझ्या घरात शिरली. राजाची शिळा थोरली, तुझी धाकटी. एवढंच."

सगुणा केवड्याशी गेली. एकेक दगड उपसून तिनं दूर टाकला. लाट आली, मातीला चाटून गेली. तिनं मागं पाहिलं नाही. तिसऱ्यांदा शिळेला हात घातला, तर शिळा दुधाच्या दातासारखी निघाली.

किनारा सरसरला. हजार पावलं दक्षिणेला निघाली. महाल बुडाला नाही. पायऱ्या तेवढ्या ओल्या झाल्या.

उजाडलं तेव्हा केवड्यापुढं वाळूची लांब जीभ समुद्रात गेली होती. अनशीच्या अंगणातही वाळू आली होती. जिभेवर दोन तळव्यांचे आणि दोन गुडघ्यांचे ठसे, पार टोकापर्यंत जाऊन केवड्याशी परतलेले.

सगुणेनं ते पुसले नाहीत. वाळूनंच पुसले, चालता चालता. त्या किनाऱ्यावर अजूनही कुणी दगड रचत नाही.