फोनच्या कपाळावरचा अंगारा

एका माळावर एक गोसावीबुवा राहायचे, त्यांचं नाव हेमगीर. माळाखालच्या गावात एक कासार राहायचा, त्याचं नाव मुरलीधर. कासाराला एक बायको, एक भांड्यांचं दुकान आणि वैजू नावाची एक लेक. बुवांना एक मठी, एक शेळी आणि शिष्य म्हणून हा कासार. शेळीचा त्रास कमी, असं बुवा कधीतरी बोलून जायचे.

तर त्या दिवशी कासार विचारत होता,

“मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

बुवा ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूच्या ढिगावर टाकलं.

“कुठं ते नंतर बघू. काय झालं ते सांग.”

कासार सांगायला लागला. वैजू त्याच्यामागे खांबाला टेकून उभी होती. तिचं तोंड उतरलं होतं.

आता हा कासार कसा माणूस, ते आधी कळलं पाहिजे. वस्तू जपणारा. घरात सोफा आला तेव्हा त्यावर जो प्लास्टिकचा कागद होता, तो अजून होता. उन्हाळ्यात पाहुणा उठला की चर्र आवाज यायचा. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबर. मिक्सरला झालरीचा फ्रॉक. माझ्या घरात एक तरी वस्तू जुनी झालेली दाखवा, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यावर त्याची बायको आतून म्हणायची, नवी तरी कुठं दाखवता येते, सगळ्या झाकलेल्या.

वैजू तालुक्याला औषधाच्या दुकानात कामाला लागली आणि पहिल्या पगारातून तिनं बापाला फोन घेऊन दिला. कासाराला भरून आलं. दसऱ्याच्या पूजेत त्यानं तराजू मांडला, हातोडी मांडली आणि शेजारी फोन मांडला. तराजूला हळदकुंकू वाहिलं, हातोडीला वाहिलं. फोनला मात्र हळदकुंकू नको, हा लेकीनं दिलेला, याला बुवांच्या धुनीतला अंगाराच पाहिजे, असं त्यानं ठरवलं. अंगारा थोड्या तेलात कालवला आणि लावला. कुठं? तर माणसाला लावतात तिथं. कपाळावर, मधोमध.

मग तो पुसला जाऊ नये म्हणून वरून काच चिकटवून घेतली. काचेवर जाड रबराचं कव्हर. कव्हरावर चामड्याचं, पाकिटासारखं मिटणारं दुसरं.

त्या दिवसापासून फोन बिघडला.

दिवसाढवळ्या मिणमिणायचा. उन्हात तर नंबरसुद्धा दिसायचा नाही. आणि कोणाला फोन लावला रे लावला, की काच काळी ठिक्कर. बोलणं चालू, पण काच मेलेली. कासाराला एवढंच ठाऊक की काळी काच म्हणजे फोन बंद.

तिथंच घात झाला.

पाथरगावच्या कोळपकरांच्या हर्षदशी वैजूचं जमत आलं होतं. दोघांना एकमेकं पसंत, दोन्ही घरांना पसंत, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मुहूर्त धरायचा ठरत होता. कासारानं मुलाच्या वडलांना, भास्कररावांना, फोन केला. तारीख आम्हाला चालते म्हणाला, नमस्कार म्हणाला. काच काळी होती. त्यानं फोन खिशात टाकला आणि बायकोपाशी बसून मोकळा झाला.

मुलगा चांगला, पण आधी नाक येतं आणि मागून मुलगा येतो. भास्कररावांचं एक वाक्य संपेपर्यंत म्हैस धार देऊन उभी राहील. आणि चहा... चहा कसला, भांडी विसळलेलं पाणी.

खिशातून सगळं पाथरगावला गेलं.

तेव्हापासून कोळपकरांकडून ना फोन, ना निरोप. हर्षदनं वैजूला कळवलं होतं की बाबा कोणाशीच बोलत नाहीत, आणि येत्या रविवारी मामा त्यांना दुसरी मुलगी बघायला घेऊन जाणार आहेत. तुझे वडील स्वतः बोलले तरच काही होईल.

“आणि तू बोललास?” बुवांनी विचारलं.

नाही बोलला. आधी फोनचा दोष काढायचा म्हणून तो मोबाइलच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, कव्हर आड येतंय. कासारानं कव्हर बदललं. मग वर भोक असलेलं घेतलं. मग मोठं भोक असलेलं घेतलं. शेवटी दुकानदार म्हणाला, काका, ती काच काढून खाली काय आहे ते पुसू द्या. त्यावर कासारानं फोन ओढून घेतला. काचेखाली माझे बुवा आहेत, म्हणाला.

वैजूनंही तेच सांगितलं होतं. तिच्याशी तो दोन दिवस बोलला नाही.

“गावात तुमचा सगळ्यात जवळचा मी,” कासार म्हणाला. “दसऱ्यापासून अंगारा कणभर हलू दिला नाही. तरी फोन माझ्यावरच उलटला. बुवा, आणखी थोडा अंगारा द्या. यावेळी मागच्या बाजूलाही लावतो.”

वैजूनं कपाळाला हात लावला.

बुवांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“बघू तो फोन. काच का मिटतो रे हा?”

कासाराला हुरूप आला. दुकानदाराकडून ऐकलेलं सगळं त्यानं बुवांना समजावून सांगितलं, जरा शिकवल्यासारखंच. वरच्या काठाला याला दोन बारीक डोळे असतात. एक उजेड बघतो. बाहेर ऊन असलं की काच लख्ख करतो, रात्र असली की मंद करतो. दुसरा बघतो, माणूस जवळ आलाय का. कान टेकला की काच मिटून घेतो, गालानं भलतंच काही दाबलं जाऊ नये म्हणून. कान दूर गेला की परत उघडतो.

“हुशार आहे,” बुवा म्हणाले. “आणि आता त्या डोळ्यांवर काय आहे?”

कासार घुटमळला.

“... तुम्ही.”

शेळीनं एक टरफल चघळून बघितलं आणि सोडून दिलं.

“म्हणजे याला वाटतं, कोणीतरी सारखं जवळ आहे.”

“हो.”

“आणि बाहेर रात्र आहे.”

“हो, बुवा.”

“कोणी जवळ नाही. रात्रही नाही.”

“नाही...” कासाराचा आवाज बारीक झाला. मग त्याला एकदम जोर आला. “पण अंगारा तुमचा आहे. तो आड कसा येईल?”

बुवा हसायला लागले. असे हसले की परातीतले दाणे ओट्यावर सांडले आणि शेळी दचकून दोन पावलं मागे सरकली. वैजूला हसावं की रडावं कळेना.

हसू ओसरल्यावर त्यांनी फोन मांडीवर घेतला. चामड्याचं कव्हर काढलं, टरफलांच्या ढिगावर ठेवलं. रबराचं ओढून काढलं, तेही ढिगावर. मग अंगठ्याच्या नखानं काचेचा कोपरा उचलला, शेंग उकलतात तसा. खाली अंगाऱ्याचा टिळा होता, तेलानं घट्ट बसलेला.

बुवांनी आपल्या भगव्या छाटीचं टोक हातात घेतलं.

कासारानं त्यांचा हात धरला. आजवर कधी धरला नव्हता.

“बुवा, तुमचा अंगारा आहे तो.”

“माझाच ना?”

“हो.”

“मग सोड.”

आणि त्यांनी तो पुसला. सावकाश, नीट, एखाद्या पोराचं नाक पुसावं तसा.

माळावर ऊन होतं. फोनची काच हळूहळू उजळत गेली, आणि इतकी उजळली की कासाराला दसऱ्यानंतर पहिल्यांदा त्यावरचा फोटो दिसला. वैजूनं तिथं आपला आणि बापाचा फोटो लावून ठेवला होता. तो हसत होता फोटोत. वैजू पण.

“आता लाव फोन,” बुवा म्हणाले.

“कोणाला?”

“ज्यांच्याविषयी बोललास त्यांना.”

“काय बोलू?”

“तेच.”

कासारानं आधी वैजूकडे बघितलं, मग शेळीकडे. कोणीच मदतीला येईना.

“बुवा, तेच कसं बोलू?”

“खिशातून बोललास. आता तोंडानं बोल.”

वैजूनं फोन घेतला. नंबर तिनंच लावला, आवाज मोठा केला आणि फोन बापाच्या हातात दिला.

पलीकडे फोन उचलला गेला.

“... हं,” भास्करराव म्हणाले.

“मी मुरलीधर.”

“... दिसतंय नाव.”

कासारानं बुवांकडे बघितलं. बुवांनी एक शेंग फोडली.

“भास्करराव, त्या दिवशी तुम्ही ऐकलंत ते मीच बोललो. फोन बंद झाला असं वाटलं म्हणून बोललो. आता चालू आहे, मला दिसतंय चालू आहे. चहा पातळ होता. ते आताही म्हणतो. पण मुलगा चांगला आहे. नाकासकट चांगला आहे. माझ्या पोरीला तो आवडतो, आणि खरं सांगायचं तर मलाही आवडतो. मागून बोललो, तेवढं माझं चुकलं. रविवारी तुम्ही दुसरीकडे जाऊ नका.”

पलीकडे गप्प. इतकं गप्प की म्हैस खरोखरच धार देऊन उभी राहिली असती. कासारानं काच बघितली. उजळ होती.

“... चहा,” भास्करराव म्हणाले. “... चहा मी करतो.”

कासारानं डोळे मिटून घेतले. संपलं, असं त्याला वाटलं.

आणि मागून बाईचा आवाज आला. आधी लांबून, मग जवळून, मग फोन हिसकावून घेतल्याचा. या घरात आल्यापासून मी सांगतेय, ती बाई म्हणत होती, की चहात चहा टाका. चिमूट टाकतात आणि घरभर पाजतात. कोणी पाहुणा तोंडावर बोलत नाही, म्हणून यांना वाटतं मीच खोटी. त्या दिवशी फोनवर ऐकलं आणि असं हसले मी की हे रुसले ते रुसलेच.

“मी रुसलो नव्हतो,” मागून भास्करराव म्हणाले. “... मी विचार करत होतो.”

“विचार झाला असेल तर सांगा आता.”

पुन्हा बराच वेळ गेला. वैजूनं खांब घट्ट धरला होता.

“... नाक आमच्या घराण्याचं आहे,” भास्करराव म्हणाले. “त्याला इलाज नाही. चहाला आहे.”

बाईनं फोन परत स्वतःकडे घेतला.

“ऐकलंत ना, व्याहीबुवा? रविवारी आम्ही तुमच्याकडेच येतो. मामांना मी सांगते. फक्त त्या सोफ्यावरचा कागद काढून ठेवा. मागच्या खेपेला माझी साडी चिकटली होती, मीही काही बोलले नव्हते.”

व्याहीबुवा म्हटल्यावर वैजू खांबामागे गेली. तिथून तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला.

कासारानं नमस्कार केला. काचेवर लाल खूण दिसत होती, ती त्यानं दाबली. मग फोन उलटासुलटा करून पाहिला, कानाला लावून पाहिला आणि तरीही खात्री होईना म्हणून हळू आवाजात विचारलं, बंद झाला ना?

“झाला, आप्पा,” वैजू खांबामागून म्हणाली. “आता बोला काय बोलायचं ते.”

“काही नाही बोलायचं,” कासार म्हणाला.

बुवांनी मूठभर दाणे त्याच्या ओंजळीत घातले.

रविवारी सोफ्यावरचा कागद निघाला. खाली हिरवी मखमल होती. घरातल्या कोणालाही ती आठवत नव्हती. कासाराची बायको तर येताजाता तिच्यावरून हात फिरवायची. विहीणबाई त्यावर मांडी घालून बसल्या. तुळशीचं लग्न झालं आणि पहिल्याच मुहूर्तावर वैजूचंही झालं. पाथरगावचा चहा आता लालभडक असतो आणि तो विहीणबाई करतात. भास्करराव बशीत ओततात, फुंकतात, आणि कप संपता संपता चांगला झालाय म्हणतात. मिक्सरचा फ्रॉक शेजारच्या बाळाला बरोबर बसला. वैजूनं सासरच्या गल्लीत स्वतःचं औषधाचं दुकान काढलं आणि ते असं चाललं की हर्षदलाही मदतीला बसावं लागलं.

गुढीपाडव्याला सगळे मिळून माळावर बुवांच्या पाया पडायला आले. वैजूच्या दुकानासाठी नवा टॅब घेतला होता, पाटीएवढा मोठा, वर मिटणारं झाकण. कासारानं झाकण उघडलं. वरच्या काठाला बोट फिरवून त्यानं डोळे शोधून काढले आणि तिथून बोट झटकन बाजूला घेतलं. मग त्यानं टॅब मागून बघितला, पुढून बघितला, कडेनं बघितला.

“बुवा,” तो म्हणाला, “आता अंगारा लावायचा तरी कुठं?”

बुवांनी धुनीतून चिमूटभर अंगारा घेतला. हात टॅबवरून गेला, तिथं थांबला नाही. त्यांनी कासाराच्या कपाळावर तो लावला, मधोमध, चांगला रुंद.

कासार हात जोडून बसला. डोळे मिटलेले. वारा आला तसा त्यानं अंगारा उडू नये म्हणून कपाळापुढं तळहात धरला.

“बुवा... हा किती दिवस जपायचा?”

“उद्या आंघोळ कर,” बुवा म्हणाले.