नऊ गोल खाल्लेला गोलकीपर

"वस्ताद, एका शब्दात सांगा. अवधूतचं नाव खोडू, का राहू दे?"

हिंदुराव उंबऱ्यातच थांबला होता. हातात उद्याच्या सेमीफायनलची यादी, घामानं पार ओली. ती पाचच्या आत मैदानावर पोचवायची, आणि चार तर केव्हाच वाजून गेलेले.

दाजी वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर भिजवलेले बदाम सोलत बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. सगळा जन्म कुस्तीत गेला, फुटबॉलला त्यांनी कधी पाय लावला नाही. पण संघ याच तालमीचा. हिंदुराव संघाचा कोच असला तरी त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवत नसे.

"काय केलं पोरानं?"

"तीन मॅचमध्ये नऊ गोल खाल्ले! आपण जास्त मारले म्हणून इथवर आलो. परवा तर लोकांतनं चप्पल आली त्याच्या अंगावर. त्याची आई माझ्या दारात येऊन बसली. म्हणाली, दादा, पोरगं दोन दिस जेवलं नाही..." हिंदुराव उंबरा ओलांडून आत आला. "उद्या हरलो तर सगळी पेठ मला फाडून खाईल. मी पण पंधरा वर्षं खेळलोय, वस्ताद. मला कळतंय. त्याच्या हातातच दम नाही."

"आणि त्याच्या म्होरं उभी असत्यात ती चौघं?"

"बॅक? ते चांगलेत की." हे तो जरा घाईनंच बोलला. चौघांना निवडलं होतं त्यानंच, आणि डावीकडचा तर सख्ख्या बहिणीचा मुलगा. "चौघं गोल मारायला पार पुढंपर्यंत धावतात. जिद्द आहे पोरांत."

"असं..."

वस्तादांनी थंडाईची कुंडी पुढं ओढली. बदाम टाकले, खसखस, बडीशेप, थोडं पाणी. कुंडी दोन्ही तळपायांत गच्च धरली आणि लाकडी सोटा हिंदुरावाच्या हातात दिला.

"घोट."

"वस्ताद, ही काय वेळ आहे का? यादी..."

"घोट म्हटलं न्हवं?"

बाह्या सरसावून तो बसला. चार फेरे छान गेले. पाचव्याला वस्तादांनी पाय सैल सोडले. कुंडी गरकन फिरली, कलंडली आणि पांढरा लगदा हिंदुरावाच्या नव्याकोऱ्या ट्रॅकसूटवर.

"हातात दम न्हाई तुझ्या," वस्ताद म्हणाले.

"माझ्या? अहो, तुम्ही पाय सोडलेत!"

"मला काय ठावं? मी तुझ्या हाताकडं बघत हुतो."

...

हिंदुराव ट्रॅकसूट झटकत राहिला.

वस्तादांनी कुंडीत पुन्हा बदाम टाकले. "आता तू धर."

त्यानं तळपाय लावले. वस्तादांचा हात तर कापरा, बशीतला चहासुद्धा सांडायचा. त्या हातानं सोटा फिरवायला घेतला. हळू... गोल... हळू. हिंदुरावाच्या पोटऱ्या भरून आल्या. घोटे थरथरायला लागले. त्याचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं गेलं, तेवढ्यात कुंडी सरकली.

वस्ताद थांबले. नुसतं त्याच्या पायांकडं बघितलं.

त्यानं टाचा पुन्हा रोवल्या. दात आवळले. कितीतरी वेळ सोट्याचा घर्र घर्र आवाज तेवढा चालला होता.

शेवटी वस्तादांनी लगदा बोटावर घेऊन त्याच्यापुढं धरला. लोण्यासारखा मऊ झाला होता.

साडेचार होऊन गेले होते. हिंदुरावानं यादी मांडीवर घेतली. पेन अवधूतच्या नावावर टेकवलं... तिथनं उचललं. भाच्याच्या नावावर नेलं... तिथंही थांबलं.

"मग ह्याला बाहेर बसवू का? का चौघांनाही बसवू? वस्ताद, एका रात्रीत दुसरे बॅक आणू कुठनं मी?"

"पाय दुखलं?"

"...दुखले."

"मग यादी हाय तशी देऊन ये. आणि येताना त्या चौघांस्नी कुंडी धरायला संगट आण. बदाम अजून लई हायत."